पाण्याकडचं पॅकिंग

दुसरं पॅकिंगही फुटलं. इंजिन दोन मिनिटं धडधडलं आणि पाण्याच्या झाकणाच्या कडेतून एक चिळकांडी उडाली, ती नेमकी मिस्त्रीच्या तोंडावर. मिस्त्रीनं तोंड पुसलं नाही, बाजूलाही घेतलं नाही. इंजिन बंद केलं आणि पाना घेऊन पुन्हा नट सोडवायला बसला.

बांधावरून मेहुणी म्हणाली, "दाजी, आंघोळ घरून करून येत जा."

"हं."

बायको गेल्याला महिना झाला. तेव्हापासून त्याचं बोलणं एवढंच. त्या दिवशीही तो रडला नाही. गावानं त्यावर चार दिवस चर्चा केली, दोन तट पडले. मग खुरपणी आली आणि दोन्ही तट कामाला गेले. मिस्त्री पुढ्यात येईल ते खायचा, बोलावतील तिकडं जायचा. त्याला भूक लागायची की नाही, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

इंजिन मेहुणीच्या विहिरीवरचं. बंद पडून चौथा दिवस. ऊन असं, की पाना हातात धरवत नव्हता. वाफ्यांत बोट जाईल एवढ्या भेगा, वांग्यांनी माना टाकलेल्या. आज पाणी मिळालं तर जगतील, नाहीतर उद्या उपटून शेळीपुढं.

काम तसं किरकोळ. लोखंडाच्या तोंडावर लोखंडाचं झाकण, मधे जाड पुठ्ठ्यासारखं पॅकिंग. ते नीट बसलं की थेंब बाहेर येत नाही. या मिस्त्रीची इंजिनं कधी गळत नाहीत, अशी चार गावांत ख्याती होती. खरी गोष्ट घरातल्यांनाच ठाऊक. पॅकिंग कातरायची बायको. ती कपडे शिवायची, हात बसलेला. मिस्त्री नट आवळायचा आणि कौतुक खिशात घालायचा.

"ताई कातरायची तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

"शेजारी बसायचो."

"बघत?"

मिस्त्रीनं फुटलेलं पॅकिंग बाजूला टाकून कात्री उचलली. "बसायचो."

"ठेवा ती कात्री खाली! पत्रा कापायची ती. उंदरानं कुरतडल्यासारखी कड झालीय." मेहुणीनं पिशवीतून दुसरी कात्री काढली. "ही ताईची. धार लावायला आणली होती मी. द्यायची राहिली."

मिस्त्रीनं ती घेतली. कड्यात त्याचा अंगठा शिरेना. शेवटी दोन्ही कड्यांत करंगळ्या घालून, दोन हातांनी धरून बसला.

"आता ऐका. तुम्ही आधी बाहेरून गोल कापता आणि मग भोकं पाडता. तोवर पुठ्ठा सरकतो. ताईचं उलटं होतं. आधी समोरासमोरची दोन भोकं पाडायची, त्यांत बोल्ट घालून पुठ्ठा जागेवर धरायचा. मग बाकीची भोकं. आतली बाजू केसभर मोठी कातरायची. बाहेरची कड सगळ्यात शेवटी."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मी बघत होते."

मिस्त्रीनं नवा पुठ्ठा इंजिनाच्या तोंडावर ठेवला, हातोडीनं हलके ठोकून भोकांच्या खुणा उठवल्या. दोन बोल्ट, मग बाकीची भोकं, मग आतली बाजू. बाहेरची कड कातरता कातरता पुठ्ठ्यावर लाल ठिपके पडायला लागले.

"दाजी, बोट!"

"हं?"

"बोट कापलं की हो! दुखत नाही?"

त्यानं बोटाकडं दुसऱ्याच्या बोटाकडं बघावं तसं बघितलं. "नाही."

पॅकिंग तेलात बुडवून बसवलं, झाकण घातलं. नट एकाआड एक, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत नेले. हँडल मारलं. इंजिन खोकलं, मग धडधडायला लागलं. दोन मिनिटं झाली. पाच झाली. मिस्त्रीनं झाकणाच्या कडेवरून चांगलं बोट फिरवलं आणि बघितलं. कोरडं.

पाटातून पाणी वाफ्याकडं निघालं. भेगांनी आधी ते गटागटा पिऊन टाकलं, पुढं जाऊच देईनात. मग हळूहळू पुढं सरकलं.

तेलकट हात धुवायला मिस्त्री पाटाशी वाकला, साबणाचा तुकडा चोळला आणि एकदम हात झटकून ओरडला, "आई गं!"

"काय झालं?"

"झोंबतंय."

"लई?"

"लई." तो पाटाच्या कडेला खाली बसला. बोट दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून म्हणाला, "लई दुखतंय गं."

मेहुणीनं त्याच्याकडं बघितलं. चिंधी बांधायला ती गेली नाही. फावडं उचललं, पाठ फिरवली आणि पहिला वाफा भरला होता म्हणून दुसऱ्याचं तोंड उघडायला गेली. इंजिनाचा आवाज मोठा होता, त्यामुळं मागं काय चाललंय ते कुणालाच ऐकू आलं नाही.