मामा इथवर आला

दवाखान्याच्या पडद्यावर खाटांच्या यादीत मध्येच एक ओळ उमटली: ‘मामा इथवर आला’. त्या आगंतुक ओळीने खालचे आकडे एकेक खाट पुढे सरकले. चौथ्या खाटेची साखर पाचवीसमोर दिसली, नर्सने पाचवीला इन्शुलिन टोचलं आणि तिथली बाई सकाळी गेली.

मामा म्हणजे हा प्रोग्राम बनवणाऱ्या आमच्या ऑफिसातले सगळ्यात जुने प्रोग्रामर. मला हे काम शिकवलं त्यांनीच. प्रोग्राम कुठे अडतोय ते शोधताना ते जागोजागी ही ओळ पेरायचे. ती छापली गेली की तिथवर सगळं ठीक. काम देण्याआधी मात्र एकूण एक ओळ स्वतः पुसायचे.

साहेबांना आणखी पुरावा नकोच होता. “दोन वाजता मामांना बोलावलंय. काढावंच लागेल त्यांना,” ते म्हणाले. “ओळ कुठून आली तेवढं बघून ठेव. नावापुरतं.”

नावापुरतं! माझं डोकंच फिरलं. मामांची बाजू घ्यायचीच, असं ठरवून मी शोधायला बसले.

वीस मिनिटांत सापडली. ओळ रिकाम्या खाटेच्या भागात होती. चार महिने एकही खाट रिकामी पडली नव्हती, म्हणून ती गप्प होती. परवा तिसरी रिकामी झाली. ओळ कोणी घातली त्याची नोंद शेजारीच होती. नाव माझं होतं.

चार महिन्यांपूर्वी तो भाग लिहिताना घाई होती. मामांच्या कच्च्या फायलीतला तुकडा उचलून मी जसाच्या तसा डकवला होता. वाचलासुद्धा नाही. मामांचं काम काय तपासायचं, म्हणे! आळशी मेली.

पावणेदोनला मामाच टेबलापाशी आले.

“सापडली का गं?”

“हो.”

“पुसायची राहिली असणार माझ्याकडून. हल्ली काही लक्षात राहत नाही.” मग हळूच म्हणाले, “पाचव्या खाटेवर कोण होतं?”

“चाळिशीतली बाई. दोन मुली आहेत.”

ते मटकन खुर्चीत बसले. “म्हणजे मी मारलं तिला.”

‘नाही’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं. शब्द ओठांवर होता. मी भेकड आहे, दुसरं काही नाही. मी ती फाईल बंद केली.

“पाणी आणू का, मामा?”

त्यांनी मान हलवली. “तू मनाला लावून घेऊ नकोस, पोरी,” ते म्हणाले.