तिसरं गाणं

ओट्याकडे तोंड करून नलू कॅसेटच्या कडेवरची चिकटपट्टी नखानं खरवडत होती. पट्टी निघाली, पण डिंकाचा काळपट चौकोन राहिलाच. तिनं बोटावर खोबरेल घेतलं आणि तो घासून पुसला. बाहेरच्या खोलीत ओनोसाहेब चहाची बशी गुडघ्यावर सांभाळत बसले होते.

“सापडली का गं?” कमलाकांतनं हाक मारली.

“आले.”

तीन वर्षांपूर्वी बोईसरच्या एका गिरणीत नवी यंत्रं बसवायला ओनोसाहेब जपानहून आले, तेव्हा कमलाकांत त्यांच्या हाताखाली होता. जाताना त्यांनी आपल्या धाकट्या भावाच्या रॉक बँडची कॅसेट त्याला दिली. बाजारातली नव्हे, तालमीच्या खोलीत भरलेली सहा गाणी. वर चुकून दुसरं काही भरलं जाऊ नये म्हणून कडेच्या खाचांवरचे प्लास्टिकचे तुकडेही त्यांनी स्वतःच मोडले होते.

आता ते दोन दिवसांसाठी परत आले होते, आणि गिरणीत शिकलेल्या हिंदीत बँडची कहाणी सांगत होते. मासळीच्या वखारीमागे सुरुवात. मग दोन रेकॉर्डी. एक गाणं उन्हाळाभर रेडिओवर वाजलं. पुढची रेकॉर्ड कुणी घेतली नाही, कंपनीनं हात वर केले, पाचजण पाच दिशांना गेले. गाणाऱ्यानं शेवयांचं दुकान टाकलं. भाऊ, केन्जी, लोकांच्या लग्नात ड्रम वाजवू लागला.

“अब फिर से पाँचों एक साथ,” ओनोसाहेब म्हणाले. “वो छह गाने निकालेंगे. लेकिन गोदाम में पानी घुसा, टेप सब खतम. याद भी आधा-आधा. मैंने बोला, फिकर नहीं. बोईसर में है.”

“आमच्या हिनं जपून ठेवलीय,” कमलाकांत कौतुकानं म्हणाला. “पोर याच गाण्यांवर झोपायची.”

नलूनं कॅसेट पदराला पुन्हा एकदा पुसली.

पोर म्हणजे चिकू. दहा महिन्यांची होती तेव्हा दुपारची झोपेतून उठली की खोकायची, इतकी की ओठ निळे पडायचे. पालघरच्या डॉक्टरांसमोर नेली की मात्र हसत बसायची. “बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, फार वाचता,” डॉक्टर म्हणाले. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या वेळी जाण्याआधी नलूनं ठरवलं, खोकलाच टेपवर भरून घेऊन जायचा. घरात आणखी चार कॅसेटी होत्या, वारलेल्या सासऱ्यांच्या आवाजातल्या भजनांच्या. त्यांना हात लावायची तिची छाती झाली नाही. ज्या गाण्यांचा एक शब्द कळत नाही, त्यातलं थोडं गेलं तर कुणाचं काय जाणार होतं? वर भरता यावं म्हणून तिनं उघड्या खाचेवर जखमेची चिकटपट्टी लावली आणि टेप जवळ घेऊन पाळण्याशी बसली.

आणि नेमकी त्या दिवशी चिकू खोकेना. नलू तिला उठवून, पाठीवर थोपटून म्हणत राहिली, “खोक ना गं बाळा. एकदाच खोक.”

घिवलीची नवसी मासळीची पाटी घेऊन दारात आली होती. “अगो बाय, पोरीला खोकायला सांगतंस? अशी आय मी बघली नाय कदी.”

मग चिकू खोकली. अकरा वेळा, आणि शेवटी तो आत ओढलेला लांब श्वास. डॉक्टरांनी ते एकदाच ऐकलं आणि खुर्चीत सरळ बसले. डांग्या खोकला. औषध सुरू झालं, पोर वाचली. नलूनं घरी येऊन कॅसेट डब्यात घातली. चिकूला झोपवायला लावायची तर पहिली दोनच गाणी लावायची. कमलाकांतला तिनं कधी काही सांगितलं नाही.

नलू कॅसेट घेऊन बाहेर आली. ओनोसाहेब उठून उभे राहिले, कॅसेट दोन्ही हातांत घेऊन वाकले. सांगायचं तर हीच वेळ होती. तिनं तोंड उघडलं.

“चहा... आणखी घ्या ना थोडा.”

“बस, बस. गाड़ी खड़ी है,” ते म्हणाले.

पुढचे पाच महिने नलूला जेवण गोड लागलं नाही. तांदूळ निवडताना, चिकूची वेणी घालताना तिला ती दूरची खोली दिसायची. पाच माणसं कान देऊन बसलीत, तिसरं गाणं अर्ध्यावर आलंय, आणि मध्येच एका बाईचा आवाज: खोक ना गं बाळा.

पार्सल आलं ते रविवारी. आत नवीकोरी छापील कॅसेट आणि केन्जीचं इंग्रजी पत्र.

“तू वाच. तुझं इंग्रजी बरं आहे,” कमलाकांत म्हणाला.

पत्र चार ओळींचं होतं. कॅसेट मिळाली. आम्ही पाचांनी मिळून ऐकली. आभार. शेवटची ओळ तिनं हळू वाचली. “मूल बरं झालं का?”

“बघ, किती काळजी असते यांना,” म्हणत त्यानं कॅसेट टेपमध्ये घातली.

पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याचा ड्रम सुरू झाला. चिकू जमिनीवर रेघोट्या ओढत होती. गाणं चढत गेलं आणि एकाएकी सगळं थांबलं.

“अडकली वाटतं.” कमलाकांतचा हात बटणाकडे गेला. नलूनं तो वरच्यावर धरला.

“थांबा.”

“अगं, आवाज कुठाय?”

तिचे ओठ हलत होते. नऊ. दहा. अकरा. मग एक लांब श्वास मावेल एवढी जागा. आणि ड्रम पुन्हा सुरू झाला, आधी हलका, पाठीवर थोपटावं तसा.

कमलाकांतनं तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मांडीवरच्या पत्राकडे.

“तुला कसं कळलं?”

नलूनं त्याचा हात सोडला आणि टेप बंद केला.

“बसा जरा,” ती म्हणाली.