कापलेला तुकडा

सम्राट गेल्यावर त्याची गाणी वाढली. जिवंतपणी रांजणगावच्या एका कंपनीत शिफ्ट करून तो मराठीत रॉक गायचा, तेव्हा ऐकायला येणारे बहुतेक त्याचे मित्रच असायचे. आता त्याच्या नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. कुणी रिहर्सलमधलं टाकतं, कुणी अर्धवट राहिलेलं गाणं. मीही त्यात आहे, मोनिका या नावानं. मी त्याची बायको, हे तिथं कुणाला माहीत नव्हतं.

ग्रुपमधल्या, राहू गावच्या विनोदकडे एक रेकॉर्डिंग होतं. आमच्या आर्वीसाठी केलेलं गाणं, सम्राटनं स्टेजमागं गुणगुणलेलं. आर्वी पाळण्यात असतानाच तो गेला. फोटो दाखवला की ती 'पप्पा' म्हणते, पण शेजारच्या काकांनाही म्हणते. मला ते गाणं हवं होतं.

ग्रुपची रीत अशी, की कुणी न ऐकलेलं एक द्यायचं, मग एक घ्यायचं. दिलेलं अख्खं हवं. खोकला, तारा जुळवणं, सगळं.

माझ्याकडे एकच होतं. कारेगावच्या याच घरात, तो शेवटचा बाहेर पडला त्या दुपारी घेतलेलं. गाणं संपतं आणि दारातून मामांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, आवाज येतो. "नोकरी सोडतो म्हणतोस? जा, मर तिकडंच." मग गाडीची किक. संध्याकाळी नगर रोडवर त्याला ट्रकनं उडवलं.

हे बाहेर गेलं असतं तर त्याच्या चाहत्यांनी मामांना सोडलं नसतं. आणि मामांच्या घराशिवाय मला आणि आर्वीला दुसरं घर नाही.

मी शेवट कापून पाठवलं. लगेच विनोदचा मेसेज. "ताई, शेवटची तार विरायच्या आत तुटतीय. पुढं कायतरी हाय." ही माणसं गाण्यानंतरची शांतताही ऐकतात, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

मी उत्तर दिलं नाही. त्यानं माझा नंबर पैसे पाठवायच्या अॅपवर टाकून बघितला. तिथं खरं नाव दिसलं: करुणा सम्राट ओव्हाळ. रविवारी कारेगावात सम्राटचं घर विचारत तो दारात हजर.

मामा खूश. "पोराचं नाव काढत आलाय, बस की. करुणा, च्या टाक."

"आबा, आम्ही तर त्यांना देव मानतो," विनोद म्हणाला.

"देव न्हाई मानत आमच्यात. माणूस म्हण."

दोघं हसले. मी चहा दिला तसा विनोद माझ्याकडे वळला. "वहिनी, तेवढं पूर्ण ऐकवा. पोरीचं गाणं आत्ताच देतो."

"मोबाईल बिघडला होता. पुढचं उडालं."

"उडालं न्हाई वहिनी. कापलंय."

मामांनी कप खाली ठेवला. आर्वी त्यांच्या मांडीवर चमचा आपटत होती. "कंच्या दिवसाचं हाय?"

"मामा, राहू द्या ना."

"त्याच दिवसाचं. म्हंजी पुढं मी हाय." ते विनोदकडे बघत म्हणाले, "मी म्हणलो त्याला, जा, मर तिकडंच. आन् तो गेला. मी रोज ऐकतो ते. मला मोबाईल लागत न्हाई."

विनोदनं मान खाली घातली, डोळे पुसले. खरंच पुसले. तेव्हा मला त्याचा मोबाईल दिसला. स्टुलावर, कपाशेजारी, उताणा. रेकॉर्डिंगचा लाल ठिपका चालू होता.

"बंद करा ते," मी म्हणाले.

"सवय हो वहिनी. आलो तवाच चालू केलेलं."

"पुसून टाका."

"टाकतो की." त्यानं मोबाईल उचलला, बोटानं एकदा काहीतरी केलं आणि शर्टाच्या खिशात घातला. माझा मोबाईल वाजला. आर्वीचं गाणं आलं होतं.

"लाव की," मामा म्हणाले, "ऐकू दे पोरीला."

मी विनोदच्या खिशाकडे बघत होते. पातळ कापडातून तो ठिपका अजून दिसत होता, आणि मामा त्याला सांगत होते, आलाच आहेस तर आता जेवूनच जा.