टेबलाचा संधिवात

सभागृहाच्या दारापासून पार चौकापर्यंत रांग लागली होती. आत एक जुनं करडं यंत्र धडधडत होतं आणि लोक त्यालाच हात जोडत होते.

"यंत्राला ना राग, ना लोभ!" पांढऱ्या कोटातला यंत्रवैद्य गरजत होता. "डॉक्टर चुकेल, यंत्र चुकणार नाही!"

रोग्यानं पितळी पट्टीवर हात ठेवायचा. पडद्यामागे खटखट व्हायची आणि भोकाभोकांचं एक कार्ड बाहेर यायचं. ते यंत्रात घातलं की तेरा कप्प्यांपैकी एकात जाऊन पडायचं. ज्या नंबरचा कप्पा, त्या नंबरची पुडी!

आमच्या आत्याला चार नंबरची पुडी मिळाली होती. सोबत हुकूम: इन्सुलिन बंद. आठ दिवसांत आत्या घटाघट पाणी पिऊ लागली, जिना चढताना तिला धाप लागू लागली. डॉक्टर ओरडले, तर म्हणाली, "तुमच्यापेक्षा यंत्र शहाणं."

माझी ताई एका कचेरीत नऊ वर्षं असलीच कार्डं पंच करत होती. तिथे संगणकाला सूचना द्यायच्या त्या असल्याच कार्डांच्या गठ्ठ्यांतून; एक भोक चुकलं की अख्खा प्रोग्रॅम आडवा. तिनं आत्याचं कार्ड खिडकीशी धरलं आणि भोकं वाचू लागली.

"बोल्ट. अर्धा इंच. एकशे चव्वेचाळीस नग." ताई लालबुंद झाली. "आत्या, ही कुठल्यातरी कारखान्याची रद्दी आहे गं!"

"भोकं पाडणारीला वैद्यकीतलं काय कळतंय!" आत्यानं तिला उडवून लावलं.

"बरं. उद्या माझ्याबरोबर चल, मग बोल."

दुसऱ्या दिवशी ताईनं रांगेतल्या शिंप्याच्या हातात एक बंद पाकीट दिलं. "मी सांगेन तेव्हाच उघडा." मग आत्याच्या नावानं तिनं एक कार्ड पुढे केलं. जुन्या रोग्यांनी आपलं कार्ड घेऊन यायचं, असा तिथला नियमच होता.

यंत्र धडधडलं. कार्ड सातव्या कप्प्यात पडलं.

"चमत्कार!" यंत्रवैद्यानं हात उंचावले. "साखर गेली! आता वारा सांध्यांत शिरलाय. संधिवात! सात नंबरची पुडी!"

"शिंपीदादा, फोडा पाकीट."

शिंप्यानं कागद उलगडला. "सात," तो चाचरत म्हणाला. "नुसतं 'सात' लिहिलंय."

"ते कार्ड आत्याचं नाही," ताई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आज सकाळी मीच पंच केलंय. सुरुवातीला लिहिलंय 'टेबल', आणि पुढे शेवटपर्यंत सात, सात, सात. आमच्या कचेरीतल्या टेबलाला संधिवात झालाय, मंडळी!"

हशा उसळला. यंत्रवैद्य किंचाळला, "यंत्राचा अपमान! भोगाल!"

"अपमान तुम्ही करताय त्याचा. बिचारं आकड्यांप्रमाणे कार्डं वेगळी करायचं यंत्र हे! याच्यात तारांचा एक छोटा ब्रश असतो. भोक आलं की तो खालच्या रुळाला टेकतो, वीज वाहते आणि त्या आकड्याचा कप्पा उघडतो. कार्डावरच्या ऐंशी रकान्यांपैकी एका वेळी एकच रकाना बघतं ते. तुमचा आजार म्हणजे बोल्टांच्या यादीतला एक आकडा!"

तिनं पडदा ओढला. मागे रद्दी कार्डांची पोती, आणि एक माणूस लाकडी फळीवर हातोडी आपटत बसलेला. खटखट ती एवढीच!

घराच्या दारात आल्यावर आत्या फणकारली, "चारचौघांत माझी शोभा केलीस." मग दंड पुढे केला. "टोच ते इंजेक्शन."

तरीही दुसऱ्या दिवशी सभागृहाबाहेर वीसेक माणसं उभी होतीच. "यंत्र खरं असेल, माणूस लबाड निघाला," असं त्यांचं म्हणणं. ताई चिडली, पण घरी परतली नाही. पायरीवर बसून ती एकेकाला त्याचंच कार्ड वाचायला शिकवू लागली: इथे आकडा, इथे अक्षर. दुपारपर्यंत एक म्हातारे गृहस्थ स्वतःच ओरडले, "अरे, माझा दमा म्हणजे बोल्टाखालचा वायसर निघाला!"

भोकांत गूढ असं काही नसतं. ती कुणीतरी माणसानं पाडलेली असतात. कुणी पाडली, कशासाठी पाडली, हे विचारायला कुणाच्या बापाला भ्यायचं कारण नाही.