बुडाशी चिकटलेला मुकुट

मी एक जुनी काचेची फुलदाणी आहे, आणि मित्रांनो, मी अगदी वैतागले आहे. साठ वर्षं झाली, जो येतो तो मला उलटी करतो, बुडावरचं सोनेरी लेबल वाचतो आणि म्हणतो, "अरे वा, परदेशी!" कपाळ बडवून घ्यावंसं वाटतं, पण मला कपाळ नाही.

माझा जन्म बाटल्या आणि कंदिलाच्या काचा करणाऱ्या कारखान्यात झाला. कामाची पाळी संपताना भट्टीत थोडी काच उरायची. तिचं घरासाठी काहीबाही करायला कारागिरांना मुभा होती. अशाच उरलेल्या हिरव्या काचेची मी. मला घडवणाऱ्याला सगळे डावखुरा म्हणत. लोखंडी नळीच्या टोकावर मला फुंकून त्याने माझं मऊ टोक चिमट्यात धरलं, नळी फिरवली आणि माझ्या अंगात पीळ भरला. मग घरी नेऊन मला लेकीच्या हातात ठेवलं. "ही तुझी," एवढंच म्हणाला. त्या दिवशी माझं फार कौतुक झालं.

तिच्या धाकट्या भावाला मात्र माझी लाज वाटे. घरी आलेले मित्र "उरलेल्या काचेची!" म्हणून चिडवायचे. म्हणून त्याने शेजाऱ्यांनी टाकलेल्या फुटक्या परदेशी वाडग्यावरचं सोनेरी मुकुटाचं लेबल सोडवलं आणि माझ्या बुडाला चिकटवलं. मला वाटलं, आठवड्यात निघेल. कसलं काय! डिंक भलताच पक्का होता. बाबांनीच ते गमतीने लावलं असेल, असं लेकीला वाटायचं. पुढे माझ्यात फुलांऐवजी विणकामाच्या सुया आल्या, मग नुसती धूळ.

कारखाना कधीच बंद पडला. गेल्या महिन्यात तिथल्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. लेक आता सत्तरीची ताई झाली आहे. ती भावाला म्हणाली, "बाबांनी जन्मभर काच फुंकली, पण त्यांचं नाव कुठेच नाही. निदान हिच्यापुढे तरी लागू दे." मला टॉवेलात गुंडाळून दोघं निघाली.

तिथे वस्तू पारखणाऱ्या बाई होत्या. त्यांनी भिंग उचललं, आणि मला उलटी केली. झालं!

"आजी, ही आपल्या कारखान्याची नाही. परदेशी आहे."

"अहो, बाबांनी माझ्यासाठी केली होती!"

"आणली असेल. केली नसेल."

ताईचा चेहरा उतरला. आणि भाऊ? बुटाची नाडी बांधत बसला. अरे, सुटलेली नाही ती, बोल की! माझा नुसता संताप झाला.

ताई मला पुन्हा गुंडाळू लागली. तिने हळूच विचारलं, "बाबा माझ्याशी खोटं बोलले असतील का रे?"

तेव्हा कुठे त्याला कंठ फुटला. "ताई, ते लेबल मी चिकटवलंय. आठ वर्षांचा होतो तेव्हा."

"आज अडुसष्ट वर्षांचा आहेस! मध्ये तुला वेळच मिळाला नाही?"

बाईंनी कारखान्यातली एक पिळाची फुलदाणी माझ्याशेजारी ठेवली. रंग तोच, काच तीच. "पण इथले सगळे पीळ उजवीकडे जातात," त्या म्हणाल्या. "हिचा डावीकडे आहे."

"जाणारच!" ताई म्हणाली. "बाबा डावखुरे होते."

बाईंनी टेबलावरची पट्टी नळीसारखी धरली. आधी उजव्या हाताने फिरवली, मग डाव्या हाताने; फिरकी उलटी झाली. मग मला उजेडात धरून पुष्कळ वेळ पाहिलं.

"आजी, बाबांचं पूर्ण नाव सांगा."

"मी लिहितो," भाऊ म्हणाला. ताईने नाव सांगितलं आणि त्याने कार्डावर एकेक अक्षर कोरून काढलं. मग नखाने ते लेबल खरवडून काढलं. साठ वर्षांनी माझ्या बुडाला हवा लागली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवरची धूळ जरूर पुसा. पण ती वस्तू कुणी केली, हेही सांगणारं माणूस आहे तोवर विचारून घ्या, लिहून ठेवा. आम्हाला तोंड नसतं हो.

परवा प्रदर्शनात एक गृहस्थ आले, आणि सवयीने त्यांनी मला उलटी केली. शेजारच्या खुर्चीतून ताई म्हणाली, "खाली काही नाही. नाव समोर आहे."