शिस्तरामच्या पावलांचा डबा

मित्रांनो, टीव्हीवरचा यंत्रमानव शिस्तराम चालायला लागला की ‘ठण-खुळ, ठण-खुळ’ असा आवाज येतो ना, तो माझा. मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. मालिकेच्या शेवटी झरझर वर जाणाऱ्या नावांमध्ये माझे नाव नसते. चहा आणणाऱ्याचे असते. असो, मी तक्रार करणाऱ्यांतला नाही.

कारखान्यात एका अजस्र यंत्राने पत्र्याला एकच रट्टा दिला आणि मी गोल झालो. झाकणावर टोपलीभर फुले छापली गेली, पोटात बिस्किटे भरली गेली. ज्या घरात मी गेलो तिथे ती दोन दिवससुद्धा टिकली नाहीत. तिसऱ्या दिवशी त्या घरच्या आईने मला धुऊन पुसून माझ्यात बटणे ठेवली. पुढची वीस वर्षे मी कपाटात बसून ती सांभाळली. पाहुण्यांची मुले बिस्किटांच्या आशेने मला उघडत आणि तोंड पाडून परत बंद करत. अपमान गिळायची सवय मला तिथेच लागली.

त्या आईची मुलगी म्हणजे आवाजमावशी. मुलांसाठी कार्टून बनवणाऱ्या एका छोट्या स्टुडिओत ती नाना तऱ्हेचे आवाज काढायची. कागद चुरगाळून आग पेटवायची, ओले फडके पिळून चिखल करायची. त्याआधी तिने नऊ वर्षे लिफ्टच्या कंपनीत काढली होती. तिथे ‘दरवाजा बंद होत आहे’ याखेरीज तिला काही बोलायलाच मिळाले नाही. शिस्तरामची मालिका सुरू झाली तेव्हा ती घरभर भांडी वाजवत फिरली आणि शेवटी तिने मला हलवून पाहिले. मग बटणांसकट काखोटीला मारून घेऊन गेली. “माझी बटणं कुठं गेली?” असे तिच्या आईने विचारले, तर म्हणाली, “नोकरीला लागली.”

आता त्या स्टुडिओची एक रीत सांगतो. तिथे आधी आवाज आणि मग चित्र. मावशी मला लाकडी फळीवर आपटून पावले वाजवी, संवाद बोलणारे संवाद बोलत, आणि तो सगळा आवाज वरच्या मजल्यावर चित्रकाराकडे जाई. तो कानाला यंत्र लावून ऐके आणि जे ऐकू येईल ते काढे. फार गुणी माणूस, पण पक्का सांगकाम्या. आवाज आला म्हणजे हालचाल आलीच पाहिजे, असे त्याचे म्हणणे. दुसऱ्या भागाच्या वेळी खिडकीबाहेरून एक स्कूटर गेली, तर त्याने शिस्तरामच्या मागून स्कूटर जाताना काढली. त्या वेळी शिस्तराम चंद्रावर होता.

पण खरे दुखणे स्कूटरचे नव्हते, शिस्तरामचेच होते. त्याच्या गोष्टी लिहायचे लेखककाका. ते निवृत्त मुख्याध्यापक, तीस वर्षांची नोकरी. त्यांचा शिस्तराम कधी चुकत नसे, कधी थकत नसे, आणि दर भागात मुलांना मोजून अकरा सूचना देई. नखे कापा. ताठ बसा. ताठ बसून नखे कापा. मी इमानेइतबारे वाजत होतो, पण वाजता वाजता मलाच पेंग येई.

वाहिनीच्या मोठ्या बाई दर भाग आधी शाळेतल्या मुलांना दाखवत आणि स्वतः मागे घड्याळ घेऊन बसत. सहा भाग झाले. सहाही वेळा पाचव्या मिनिटाला अख्ख्या खोलीला एकदम तहान लागली. मोठ्या बाई स्टुडिओत आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “सातव्या भागाला मुलं उठली, तर मालिका बंद करू.”

त्या दिवशी मावशीने मला पुसता पुसता सांगितले, “मला परत लिफ्टमध्ये जायचं नाही रे.” मित्रांनो, डब्याला घाम फुटत नाही, नाहीतर मी गंजलोच असतो.

सातव्या भागात शिस्तराम जिना चढता चढता मुलांना जिना कसा चढावा ते सांगणार होता. मावशीचे हात काळजीने ओले झाले होते. चौथ्या पायरीला मी तिच्या हातातून निसटलो. टेबलावर आपटलो, तिथून खुर्चीवर, खुर्चीवरून जमिनीवर. झाकण उडाले, बटणे चौफेर पांगली आणि मावशीच्या तोंडून “अगं बाई” निघाले. हे सगळे रेकॉर्ड झाले.

तिने पुढची पावले नीट वाजवून काम पुरे केले. मग चित्रकारासाठी चिठ्ठी लिहिली, ‘पडल्याचा आवाज कापून टाकणे.’ चिठ्ठी हातात धरूनच ती गुडघ्यांवर रांगत बटणे गोळा करू लागली, आणि बटणांबरोबर चिठ्ठीही माझ्यात टाकून तिने झाकण लावले. चिठ्ठी माझ्या पोटात आणि आवाज वरच्या मजल्यावर! मी केवढ्यांदा तरी ओरडायचे ठरवले. पण कुणी आपटल्याशिवाय मला बोलता येत नाही, हीच तर माझी रड आहे.

चित्रे पुरी झाली ती मुलांना दाखवायच्या दिवशी सकाळी. कुणालाही आधी बघायला सवड नव्हती. मावशीने मला पिशवीत घालून सोबत नेले आणि तिथे मांडीवर घेतले. जिवाला आधार म्हणून, असे मी समजतो.

पडद्यावर शिस्तराम जिना चढू लागला. “पायऱ्या नेहमी एकेक चढाव्यात,” तो म्हणाला. चार मिनिटे झाली होती. मागच्या रांगेतली दोन मुले बाटल्या चाचपू लागली. आणि शिस्तराम पडला. साधासुधा नाही, गडगडत खाली आला. डोक्याचे झाकण उडाले, आतले स्क्रू आणि स्प्रिंगा चौफेर पांगल्या, आणि तो आवाजमावशीच्या आवाजात “अगं बाई” म्हणाला. चित्रकाराने काही म्हणजे काही सोडले नव्हते.

मुले हसून हसून खुर्च्यांवरून घसरली. मावशीने तोंड पदराआड लपवले. लेखककाकांचा चेहरा लालबुंद झाला. “माझा शिस्तराम असा पडूच शकत नाही,” म्हणत ते भाग थांबवायला उठले.

तेवढ्यात पहिल्या रांगेतली एक छोटी मुलगी पडद्याजवळ गेली. ती हसत नव्हती. तिने शिस्तरामच्या गुडघ्यावर हात ठेवून विचारले, “लागलं का रे तुला?”

लेखककाका उठले होते ते पुन्हा खाली बसले. तीस वर्षांत त्यांना हे कुणी विचारले नव्हते. शाळेच्या पायऱ्यांवरून ते दोनदा पडले होते, आणि दोन्ही वेळा मुले घाबरून पळून गेली होती. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. भाग संपला तेव्हा एकही मूल उठलेले नव्हते, आणि मोठ्या बाई घड्याळ बघायला विसरल्या होत्या.

मालिका वाचली. आठव्या भागात शिस्तराम स्वतःच्याच घराचा रस्ता चुकला आणि मुलांना विचारत विचारत पोहोचला. बाराव्यात तो अंधाराला घाबरला. विसाव्यात तर त्याने चक्क माफी मागितली. सूचना अकरावरून एकावर आल्या, आणि तीसुद्धा मुलेच त्याला देत. लेखककाका आता लिहिताना हसू लागले होते. चित्रकार मात्र आहे तसाच आहे, त्याला कुणी सुधारू दिले नाही.

आता पावलांचा आवाज संगणकात साठवलेला आहे. मी फळीवर बसून असतो, अंगावर धूळ असते. पण मन दुखते ते वेगळ्याच कारणाने. लोक एकमेकांना सांगतात, “पहिले सहा भाग सोडून दे, सातव्यापासून बघ.” परवा मोठ्या बाईसुद्धा म्हणाल्या, “ते सहा भाग काढूनच टाकू या का?”

लेखककाका म्हणाले, “राहू द्या हो. तेव्हा मला येत नव्हतं, हे दिसू दे की मुलांना.”

म्हणून मित्रांनो, एक मागणे आहे. तुमच्या वर्गात, तुमच्या घरात कुणीतरी अजून आपल्या पहिल्याच भागात असेल. कंटाळवाणे बोलत असेल, उगाच सूचना देत असेल. लगेच पाणी प्यायला उठू नका. थोडे बसा. आणि ते पडले, तर हसा खुशाल, पण नंतर जवळ जाऊन विचारा, “लागलं का?”