सिनेमातलं धुकं

दुःख माणसांना जवळ आणतं, असं सिनेमाच्या पोस्टरवर लिहिलं होतं. थिएटरात अकरा घरांसाठी पहिल्या दोन रांगा राखल्या होत्या. त्यातल्या मधल्या खुर्च्या कोणाच्या, यावरून दोन विधवा सिनेमा सुरू व्हायच्या आधीच एकमेकींशी बोलेनाशा झाल्या.

मिस्त्री मागे, दाराशी बसला. तीन वर्षांपूर्वी नदीत बुडालेल्या लाँचची देखभाल त्याच्याकडे होती. सुकाणूच्या बोल्टमधून एक बारीक पिन आरपार घालून तिची टोकं वाकवायची असतात, म्हणजे बोल्ट सुटत नाही. त्या सकाळी त्याने बोल्ट आवळला, पिन शर्टाच्या खिशात टाकली आणि चहाला गेला. भर नदीत बोल्ट गळाला, लाँच पुलाच्या खांबावर आदळली. अकरा जण गेले. त्यात त्याच्या सख्ख्या ताईचा नवरा, म्हणजे दाजीही होते. लाँच गाळात रुतली. चौकशी समितीने पाण्याकडे पाहिलं आणि ती परत गेली. पिन अजून मिस्त्रीच्या खिशात होती.

सिनेमा त्याच अपघातावर होता. त्यात सगळं बाहेर येईलच, मग आपल्याला फक्त ‘हो’ म्हणावं लागेल, असा त्याचा अंदाज होता.

सिनेमा देशोदेशीची बक्षिसं घेऊन आला होता, त्यामुळे त्यात कोणी फारसं बोलत नव्हतं. बाई खिडकीतून बघे, मग नदी दिसे, मग पुन्हा खिडकी. पाऊण तासाने लाँच एकदाची सुटली आणि पडद्यावर दाट धुकं उतरलं. लाँच त्यात शिरली ती बाहेर आलीच नाही. थिएटरभर हुंदके फुटले. मिस्त्रीचं पात्रच सिनेमात नव्हतं.

बाहेर त्याने दिग्दर्शकाला गाठून सांगितलं की धुकं नव्हतं. दिग्दर्शकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि समजावलं की ते धुकं आपल्या सगळ्यांच्या मनातलं आहे.

ताई पायऱ्यांवर बसून डोळे पुसत होती. मिस्त्रीने पिन तिच्या तळहातावर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. चहासकट.

ताईने पिन उलटसुलट करून पाहिली.

“केवढीशी आहे रे,” ती म्हणाली. “हिच्यापायी गेले म्हणू मी? पोरांना काय सांगू, मामा चहाला गेला होता?”

“खरं तेच आहे, ताई.”

“धुकं होतं. मी धक्क्यावर उभी होते ना. हात हलवला तर ते दिसलेसुद्धा नाहीत मला.”

तिने पिन परत त्याच्या खिशात घातली, वरून खिसा थोपटला.

“चल घरी. चहा ठेवते.”

ताईच्या बैठकीत दाजींचा शेवटचा फोटो लावला होता, त्याच सकाळी तिने धक्क्यावरून काढलेला. दाजी लाँचच्या कठड्याशी उभे होते, कपाळावर हात आडवा धरून. ऊन डोळ्यांवर येत होतं.